भाईंदरचा स्टीलचा डबा आणि सरकारी पोर्टल

भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमध्ये स्टीलचा पत्रा कापला जातो, प्रेसखाली डब्याचा आकार घेतो आणि बफिंगवर चकाकतो. तोच डबा सरकारी कँटीनला विकायचा म्हटलं, की पहिला समज पुढे येतो: सरकारी खरेदीच्या ‘जेम’ पोर्टलवर मोठ्यांचंच चालतं.

वस्तुस्थिती वेगळी आहे. सरकारी खरेदीबाबतच्या 2012 च्या आदेशानुसार केंद्रीय खात्यांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के माल सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात 3 टक्के वाटा महिला उद्योजकांचा. लहान कारखानदाराचा दर सर्वांत कमी दरापेक्षा 15 टक्क्यांपर्यंत जास्त असला, तरी त्या कमी दरात माल देऊन ऑर्डरमधला वाटा मिळवण्याची संधी त्याला असते. त्यासाठी लागणारी ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे. एजंटाचा खिसा भरायची गरज नाही.

दुसरा समज शहाण्यासुरत्यांचाही असतो: खरेदी ऑनलाइन झाली, कागद वाचला, म्हणजे ती पर्यावरणपूरक. पण डब्याचा पर्यावरणावरचा खरा भार खाणीत, भट्टीत आणि पॉलिशच्या धुळीत असतो. निविदेत स्टीलचा ग्रेड, भंगारातून आलेल्या धातूचं प्रमाण, टिकाऊपणा हे मागितलंच नाही, तर संगणक बिचारा फक्त दर पाहतो. मग दोष ‘एल-वन’ म्हणजे सर्वांत कमी दर निवडण्याच्या पद्धतीला दिला जातो. पण दरांची तुलना होते ती तांत्रिक अटींत बसलेल्यांमध्येच, आणि त्या अटी माणूस लिहितो.

तिसरा समज, ‘पैसे अडकणारच’, हा अनुभवातून आलेला. त्याला हसण्यात अर्थ नाही. चार-चार महिने उधारी थकली, तर बफिंगची धूळ ओढणारी यंत्रणा बसवायची कशातून? मात्र सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा 2006 चा कायदा लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपलीकडे जाऊ देत नाही. करार नसेल तर मुदत 15 दिवसांचीच. उशीर झाला, तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय बिलांवर आगाऊ पैसे मिळवून देणाऱ्या ‘ट्रेड्स’ या ऑनलाइन मंचावर खरेदीदाराने बिल मान्य केलं, की बँका त्यावर बोली लावतात आणि पैसे आधीच हातात येतात; खरेदीदाराने पुढे बुडवलं, तरी वसुली गाळेवाल्याकडून होत नाही. 250 कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत तिथे नोंदणी सक्तीची केली होती. तेव्हा बिल पाठवण्याआधी आपला खरेदीदार तिथे आहे का, हे विचारून घ्यावं.