"इतकं नशीब कुणाचं असतं का?" : माइनक्राफ्टमधला एक आरोप आणि आपली पी-व्हॅल्यू



पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने मला मागे विचारलं, "ताई, पी-व्हॅल्यूची व्याख्या पाठ आहे, पण ती नक्की काय सांगते आणि काय सांगत नाही, हे अजून डोक्यात बसत नाही." खरं सांगायचं तर एमएस्सीपर्यंत माझ्याही डोक्यात ते बसलेलं नव्हतं. ते बसलं एका व्हिडिओ गेमच्या भांडणामुळे. म्हणून आज पाठ्यपुस्तक बाजूला ठेवू आणि ते भांडण नीट समजून घेऊ. गेम खेळत नसाल तरी हरकत नाही, लागेल तेवढं सांगते.

प्रकरण काय होतं?

माइनक्राफ्ट हा गेम कमीत कमी वेळात संपवायचा, याची स्पर्धा असते. त्याला स्पीडरन म्हणतात. खेळाडू आपला खेळ रेकॉर्ड करून पाठवतो, स्वयंसेवक मॉडरेटर तो तपासतात आणि मग यादीत त्याचा क्रमांक लागतो. गेम संपवायचा म्हणजे शेवटच्या ड्रॅगनला मारायचं. त्याच्यापर्यंत जाणारं दार उघडायला काही खास वस्तू लागतात, आणि त्या दोन गोष्टींपासून बनतात. एक, एंडर पर्ल. पिगलिन नावाच्या प्राण्याला सोनं दिलं की तो बदल्यात काहीतरी देतो, कधी कधी पर्ल देतो. त्या वेळच्या आवृत्तीत प्रत्येक सौद्यात पर्ल मिळण्याची शक्यता ४२३ मध्ये २०, म्हणजे साधारण ४.७ टक्के होती. दुसरी, ब्लेझ रॉड. ब्लेझ नावाचा शत्रू मारला की निम्म्या वेळा रॉड पडतो, निम्म्या वेळा काहीच नाही. थोडक्यात, हातात कितीही कौशल्य असलं तरी इथे फासा पडावा लागतो.

ड्रीम या नावाने खेळणारा अमेरिकन यूट्यूबर तेव्हा प्रचंड लोकप्रिय होता. ऑक्टोबर २०२० मध्ये त्याने लाइव्ह स्ट्रीमवर स्पीडरन केले आणि त्यातला एक यादीत पाचवा आला. काही जणांना त्याच्या फाशांबद्दल शंका आली. मॉडरेटरांनी सलग सहा स्ट्रीममधला प्रत्येक सौदा आणि प्रत्येक ब्लेझ मोजला. २६२ सौद्यांत ४२ वेळा पर्ल मिळाले होते, अपेक्षा होती सुमारे १२ वेळांची. ३०५ ब्लेझ मारल्यावर २११ रॉड पडले होते, अपेक्षा होती दीडशेच्या आसपास.

डिसेंबर २०२० मध्ये मॉडरेटरांनी २९ पानांचा अहवाल प्रसिद्ध केला आणि रन बाद केला. त्यात एक आकडा होता, जो नंतर सगळीकडे फिरला: साडेसात लाख कोटींत एक. मग जे व्हायचं ते झालं. चाहते म्हणाले, हे मॉडरेटर प्रसिद्धीसाठी करताहेत. विरोधक म्हणाले, बघा, आम्ही आधीच सांगत होतो. २९ पानं वाचली किती जणांनी, हा प्रश्नच आहे. आपण संशोधन करणार आहोत, तर आपण ती वाचायला हवीत. कारण त्या आकड्यापेक्षा तो कसा काढला, यात आपल्यासाठी जास्त माल आहे.

पहिली पायरी: नल हायपोथेसिस

मॉडरेटरांनी सुरुवात केली ती "खेळ स्वच्छ आहे" असं धरून. हीच नल हायपोथेसिस, मराठी पुस्तकांतली शून्य परिकल्पना. खेळ स्वच्छ असेल तर २६२ सौद्यांत ४२ किंवा त्याहून जास्त वेळा पर्ल मिळण्याची शक्यता किती? हे साधं बायनोमियल गणित आहे, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचं. उत्तर येतं शंभर अब्जांत एकापेक्षाही कमी. ब्लेझचंही जवळपास तेवढंच.

घाईतला माणूस इथेच थांबतो. दोन्हींचा गुणाकार करतो, दोनावर बावीस शून्यं लिहितो आणि "चोर, चोर" म्हणून ओरडतो. मॉडरेटर थांबले नाहीत. त्यांनी स्वतःलाच विचारलं, की आपण हा डेटा निवडला कसा?

दुसरी पायरी: स्वतःच्या संशयाची किंमत मोजा

राज्य लॉटरीचं उदाहरण घ्या. अमुक एका माणसाला पहिलं बक्षीस लागण्याची शक्यता नगण्य असते. पण कुणाला तरी ते लागणारच असतं. निकाल लागल्यावर विजेत्याकडे बोट दाखवून "याला लागण्याची शक्यता लाखांत एक होती, म्हणजे हा लबाड" असं म्हटलं तर लोक हसतील. कारण तो माणूस आपण निकाल बघून निवडलाय.

ड्रीमच्या बाबतीतही तेच. संशय आला कारण नशीब चांगलं दिसलं. म्हणजे डेटा निवडतानाच आपण चांगल्या नशिबाकडे झुकलो. मग अहवालात एकेक सवलत दिलेली आहे. हेच सहा स्ट्रीम का, दुसरे सहा का नाहीत? त्यासाठी सवलत. हाच खेळाडू का, एवढे खेळाडू आहेत, त्यातल्या कुणाचं तरी नशीब फळफळणारच? त्यासाठी सवलत. पर्ल आणि रॉडच का, गेममध्ये नशिबावर चालणाऱ्या आणखी गोष्टी आहेत, त्यातली कुठलीही जास्त दिसली असती तरी संशय आलाच असता ना? त्यासाठीही सवलत. शिवाय गेमचा यादृच्छिक आकडे काढणारा कोडच बिघडलेला असू शकतो का, हेही तपासलं.

या सगळ्या सवलतींनी आकडा आरोपीच्या बाजूने अब्जावधी पटींनी सरकला. सरकून सरकून तो जिथे थांबला, ते साडेसात लाख कोटींत एक. लोकांना वाटलं हा फुगवलेला आकडा आहे. खरं तर तो खाली आणून आणून तिथवर आणलेला होता.

तुमच्या थिसिसमध्ये हेच मल्टिपल कम्पॅरिझन या नावाने येईल. वीस गोष्टी मोजल्या, एकीत पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली आणि पेपरात तीच एक लिहिली, तर ती लॉटरीच्या विजेत्याकडे दाखवलेल्या बोटासारखीच गोष्ट झाली.

तिसरी पायरी: थांबायचं कधी?

ड्रीमने त्याच महिन्यात उत्तर दिलं. सोबत एका निनावी खगोलभौतिक तज्ज्ञाचा अहवाल होता. त्यात आधीचे पाच स्ट्रीमही धरले होते आणि आकडा आला सुमारे एक कोटीत एक. गंमत बघा, बचावाचा आकडाही कोटीत एक! पण वादाचा एक मुद्दा फार शिकण्यासारखा आहे. बचावाचं म्हणणं असं, की पुरेसे पर्ल मिळाले की खेळाडू सौदे थांबवतो, म्हणजे प्रत्येक फेरी यशावरच संपते, मग प्रमाण जास्त दिसणारच.

ऐकायला पटतं. आता लुडो घेऊन बसा. सहा पडेपर्यंत फासा टाकायचा, पडला की थांबायचं, ही एक फेरी. अशा शंभर फेऱ्या करा. प्रत्येक फेरीचं षटकारांचं प्रमाण वेगळं काढून त्यांची सरासरी घेतलीत, तर ती ३६ टक्क्यांच्या आसपास येईल. खरी शक्यता तर १७ टक्क्यांहूनही किंचित कमी! म्हणजे थांबण्याच्या नियमाने फसवलं? पण त्याच शंभर फेऱ्यांतले एकूण षटकार भागिले एकूण फेक असं करा, आकडा पुन्हा १७ च्या जवळ येतो. कारण फेरी संपली तरी पुढची फेरी तिथूनच सुरू होते, फाशाला फेरी ठाऊक नसते. फरक पडतो तो फक्त सगळ्यात शेवटच्या थांब्याने, आणि तो अगदी थोडा असतो. मॉडरेटरांनी एकूण बेरीज घेतली होती आणि शेवटच्या थांब्याची सवलतही दिली होती.

इथे मला आवडलेली गोष्ट अशी, की हा वाद होऊ शकला. सौदे मोजलेले होते, पद्धत लिहिलेली होती, म्हणून विरोधी बाजूला "या पानावर चूक आहे" असं म्हणता आलं आणि तिसऱ्या माणसाला दोन्ही गणितं तपासता आली.

आकडा कुठे संपतो?

आता सगळ्यात महत्त्वाचं. साडेसात लाख कोटींत एक ही ड्रीम निर्दोष असण्याची शक्यता नाही. खेळ स्वच्छ असेल तर असं नशीब दिसण्याची ती शक्यता आहे. ही दोन वाक्यं सारखी वाटतात, पण नाहीत. पी-व्हॅल्यू एवढंच म्हणते, की "हे निव्वळ नशीब" हे स्पष्टीकरण टिकत नाही. मग काय झालं, कुणी केलं, मुद्दाम केलं का, याबद्दल ती गप्प असते.

३० मे २०२१ ला ड्रीमने निवेदन काढलं. त्या रनच्या वेळी गेममध्ये एक मॉड, म्हणजे गेमचं वागणं बदलणारी जोड, चालू होती आणि तिने शक्यता बदलल्या होत्या, हे त्याने मान्य केलं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ती त्याच्या दुसऱ्या व्हिडिओंसाठी बनवलेली होती आणि स्पीडरनच्या वेळी चालू असल्याचं त्याला माहीत नव्हतं. मॉडरेटरांचं गणित बरोबर निघालं. त्याला माहीत होतं की नव्हतं, यावर लोक नंतरही भांडले, आणि त्याचं उत्तर कुठलंही बायनोमियल देऊ शकत नाही.

जिथे गणितच नव्हतं

आता दुसरं टोक. जून २०१६, दक्षिण कोरिया. गेगुरी या नावाने ओव्हरवॉच खेळणारी १७ वर्षांची मुलगी. तिचा नेम इतका अचूक होता, की विरोधी संघातले खेळाडू म्हणाले, ही नेम धरणारं सॉफ्टवेअर वापरते. दोघांनी तर तिचा खेळ खरा निघाला तर आम्ही खेळणं सोडू, अशी पैज लावली. धमकीची भाषाही झाली. पुरावा काय? "इतकं चांगलं माणसाला शक्य नाही."

गेम बनवणाऱ्या कंपनीने ती निर्दोष असल्याचं सांगितलं. तरी तिला स्टुडिओत बसून, हातावर आणि माउसवर कॅमेरा रोखलेला असताना, सगळ्यांसमोर खेळून दाखवावं लागलं. ती तशीच खेळली. आरोप करणारे ते दोघं बाहेर पडले. २०१८ मध्ये ती ओव्हरवॉच लीगमधली पहिली महिला खेळाडू ठरली.

दोन्ही प्रकरणांत सुरुवातीचं वाक्य एकच आहे. पण पहिल्या ठिकाणी कुणीतरी बसून ५६७ घटना मोजल्या आणि आपल्याच संशयाला कात्री लावली. दुसऱ्या ठिकाणी छेदच नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि सिद्ध करण्याचं ओझं एका मुलीच्या मनगटावर टाकलं गेलं.

आणि आमच्या लॅबमध्ये

हे सगळं मी इतक्या तावातावाने का लिहितेय, तेही सांगून टाकते. पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी लॅबमधल्या एका मैत्रिणीच्या वहीत तीन-तीन रीडिंग अगदी सारखी बघितली. एकदा नाही, पानभर. तीन स्वतंत्र नमुन्यांची रीडिंग इतकी जुळतात कशी? मी मनातल्या मनात शक्यता काढली, ती नगण्य होती. कॅन्टीनमध्ये दोघांना म्हणाले, "हिचा डेटा जरा बघायला हवा."

माझं गणित चुकलं नव्हतं. ते योगायोगाने खरंच झालेलं नव्हतं. उपकरणाच्या सेटिंगमध्ये कुणीतरी दशांशाची स्थळं कमी करून ठेवली होती आणि यंत्र प्रत्येक रीडिंग गोळाबेरीज करून दाखवत होतं. एवढंच. तोवर कॅन्टीनमधलं वाक्य तिच्यापर्यंत पोचलं होतं. ती एवढंच म्हणाली, "अगं, मलाच विचारायचं होतंस ना." आम्ही आजही एकाच लॅबमध्ये आहोत, बोलतो. पण ती आपली वही आता ड्रॉवरमध्ये ठेवते, उघडी टेबलावर नसते.

तर लक्षात काय ठेवायचं?

१. संशय आला तर आधी लिहा: काय बघून आला, आणि दुसरं काय दिसलं असतं तरी आला असता?
२. सगळा डेटा मोजा. फक्त डोळ्यांत भरलेला नको.
३. शंका आरोपीच्या बाजूने सोडवा. सवलती देऊनही आकडा उभा राहिला, तरच तो दाखवण्यासारखा आहे.
४. "नशीब नाही" आणि "लबाडी आहे" यांच्या मध्ये मॉड, सेटिंग, बिघडलेलं यंत्र, लिहिताना झालेली चूक असं बरंच काही असतं. ते एकेक करून तपासा.
५. ज्याच्याबद्दल शंका आहे, त्याला पहिल्यांदा विचारा. कॅन्टीन नंतर.

मुलाखतीत कुणी "पी-व्हॅल्यू म्हणजे काय?" विचारलं, तर आता व्याख्येबरोबर ती काय सांगत नाही, हेही सांगा. पुढच्या लेखात बेजचा नियम घेऊ. "निर्दोष असण्याची शक्यता" खरंच काढायची असेल तर आणखी काय माहिती लागते, ते त्यात बघू. तोवर लुडोचा फासा काढा आणि शंभर फेऱ्या करून बघा. अर्धा-पाऊण तास जाईल, पण एकदा हाताने केलेलं विसरत नाही.