भट्टी तळघरात, शहर डोक्यावर

पॅरिसच्या मध्यभागातला रू माँतोर्गय हा मुळात बाजाराचा रस्ता. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरची मासळी आणि ऑयस्टर या बाजूने शहरात उतरायचे आणि लेआलच्या घाऊक बाजारात पोचायचे. याच रस्त्यावर, ५१ क्रमांकाच्या घरात, निकोला स्तोरेरने १७३० मध्ये पेस्ट्रीचं दुकान थाटलं. ते आजही त्याच जागी चालू आहे.

स्तोरेर हा पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास लेश्चिन्स्की याच्या मुदपाकखान्यातला कारागीर. राजाची मुलगी मारी हिचं लग्न १७२५ मध्ये पंधराव्या लुईशी झालं, तेव्हा तोही व्हर्सायला आला. पाच वर्षांनी राजवाडा सोडून त्याने मासळी-भाजीच्या गजबजाटात भट्टी पेटवली. फ्रेंच पेस्ट्रीच्या इतिहासात मला हे पाऊल सर्वांत मोलाचं वाटतं. दरबारापुरतं असलेलं गोड त्यामुळे रस्त्यावरच्या माणसाच्या हाती आलं. त्याचा ‘बाबा’, म्हणजे यीस्टने फुगवून भाजलेला आणि मद्यात मुरवलेला केक, तिथे आजही मिळतो. त्यातली रम मात्र पुढच्या शतकातली. दुकानातली चित्रसजावट १८६४ची आणि पोल बोद्रीच्या नावावर सांगितली जाते. ऑपेरा गार्नियेच्या दालनातली छतचित्रं रंगवणारा हाच बोद्री.

१९६९ मध्ये घाऊक बाजार शहराबाहेर रुंजिसला गेला. वास्तुविशारद बाल्तारने तिथे उभारलेले लोखंड-काचेचे मंडप पाडले गेले आणि या वस्तीचा मूळ व्यवसायच संपला. तरीही स्तोरेरचं दुकान टिकलं, कारण भोवताली राहती घरं होती. फ्रेंच घरात शाळेतून आलेल्या मुलांना चारच्या सुमाराला गोड लागतं आणि रविवारी जेवायला जाताना हातात केकचा खोका असतो. दुकान जगतं ते या रोजच्या गिऱ्हाइकीवर. पर्यटकांची गर्दी त्यावरची भर.

इथून थोडं पश्चिमेला चालत गेलं की पाले-रोयालचा परिसर लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या पेस्ट्रीची खरी कर्मभूमी ही. रू व्हिव्हिएनवर बायी यांच्या पेस्ट्रीच्या दुकानात आंतोनँ कारेम हा गरीब घरातला मुलगा कामाला होता. मालकाने त्याला जवळच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जायची मोकळीक दिली. तिथल्या वास्तुचित्रांवरून त्याने देवळं, पिरॅमिड, भग्नावशेष उतरवून घेतले आणि साखरेत, पिठात उभे केले. ग्रंथालय त्या वस्तीत नसतं तर हा कारेम घडला असता का, याची मला शंका आहे. त्याच ग्रंथालयाजवळच्या रू द रिशलियवर १८३०च्या दशकाच्या अखेरीस ऑगुस्ट झांग या ऑस्ट्रियनाने व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. आजच्या क्र्वासाँची वंशावळ तिथे पोचते. लादुरेचं दुकान थोडं पुढे, रू रोयालवर, १८६२चं.

कारागिरीच पेस्ट्रीला जागेशी बांधून ठेवते. पफ पेस्ट्रीत मैद्याच्या पोळीत लोणी गुंडाळून तिची तिहेरी घडी घालतात. अशा सहा घड्या झाल्या की लोण्याचे ७२९ थर होतात. मधे मधे पीठ थंड ठेवावं लागतं, नाहीतर लोणी वितळून पिठात जिरतं. चिरोट्याचे पदर सुटावेत तसे हे थर भट्टीत सुटतात. पण आपला चिरोटा डब्यात चार दिवस राहतो, तर याच थरांत क्रीम भरलेलं मिलफय काही तासांत मऊ पडतं. म्हणून भट्टी गिऱ्हाइकाजवळच हवी, दुकानामागे किंवा तळघरात.

आता भाडी इतकी चढली आहेत की अनेकांनी भट्ट्या उपनगरात हलवल्या आहेत. माल गाडीने येतो आणि शहरात काचेची कपाटं तेवढी उरतात. १९९८च्या कायद्याने ‘बुलांजरी’ (पावाची बेकरी) ही पाटी जिथे पीठ मळून पाव भाजला जातो तिथेच लावता येते. हा नियम पावापुरता आहे, पेस्ट्रीला तो लागत नाही.

पॅरिसच्या मारे भागात भट्ट्यांचं हे जाणं फार जाणवतं. सतराव्या शतकातले तिथले वाडे मोडकळीला आले होते. १९६२च्या मालरो कायद्यामुळे ते वाचले आणि त्याचा मला आनंदच आहे. पण दगड वाचवताना अंगणातल्या कार्यशाळा हटल्या आणि कष्टकरी कुटुंबं पांगली. रू दे रोझिएवर पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचा खसखशीचा स्ट्रुडेल आणि चीजकेक अजून मिळतो. पण आसपास कपड्यांच्या दुकानांच्या माथ्यावर जुन्या बेकऱ्यांच्या रंगीत काचा तशाच आहेत. कायद्याने काच राखली आणि भट्टी विझू दिली, ही मला मोठी चूक वाटते.

पॅरिस महापालिकेने २००४ मध्ये ‘व्हिताल कार्तिए’ योजना आणली. विक्रीला निघालेले तळमजल्यावरचे गाळे अग्रहक्काने घ्यायचे आणि वस्तीला लागणाऱ्या दुकानदारांना द्यायचे, अशी ती योजना. मला हा मार्ग दर्शनी भाग जतन करण्याइतकाच गरजेचा वाटतो. पहाटे तीन-चारला कामावर येणाऱ्या शिकाऊ मुलाला त्याच वस्तीत परवडणारी खोली मिळणं, हे मात्र गाळ्यांच्या योजनेतून सुटत नाही. घरभाड्याचा प्रश्न महापालिकेला वेगळा सोडवावा लागेल, आणि तोही लवकर.