फोटो नको, अक्षरं हवीत

जानेवारीतली गोष्ट. आमच्या शाळेत सावित्रीबाई फुले आणि फातिमा शेख यांच्यावर कार्यक्रम होता. मुलींबरोबर त्यांच्या अम्मींनाही आग्रहानं बोलावलं होतं. प्रोजेक्टरवर दाखवायला मी आदल्या रात्री बारा स्लाइड तयार केल्या. तयार केल्या म्हणजे काय, इंटरनेटवर छान सजवलेलं एक पान सापडलं, त्याचे स्क्रीनशॉट काढले आणि एकेक करून स्लाइडवर चिकटवले. अर्ध्या तासात काम झालं म्हणून मी खुशीत होते.

सकाळी ती खुशी उतरली. मागच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांना एक ओळ वाचता येईना. अक्षरं मोठी करावीत तर कडेचा मजकूर पडद्याबाहेर जाऊ लागला. तेवढ्यात नववीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "टीचर, इथे फातिमाबींची जन्मतारीख 9 जानेवारी 1831 लिहिलीय. ही कुठून आली?"

प्रश्न बिनतोड होता. फातिमा शेख यांचा खात्रीचा उल्लेख सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेल्या 10 ऑक्टोबर 1856 च्या पत्रात आहे. जन्मतारीख मात्र सगळीकडे छापली जाते, 2022 साली गूगलनंही त्याच दिवशी आपल्या मुख्य पानावर त्यांचं चित्र लावलं होतं, पण त्या तारखेला त्या काळातल्या कागदपत्राचा आधार कुणी दाखवलेला नाही. मी म्हटलं, "बरोबर आहे तुझं, आपण ती तारीख काढून टाकू." आणि सगळ्यांसमोर माउस हातात घेतला. तारखेवर क्लिक केलं तर आख्खं पानच निवडलं जाई. चुकीचा एक आकडा खोडायचा तर सगळा फोटो खोडावा लागणार होता. मी मुकाट्यानं पुढची स्लाइड लावली.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्याच मोहल्ल्यातली माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. ती सोलापूरला बीसीए करते. फाइल उघडून पाहिली आणि हसली. "टीचर, ये तो फोटो है, अक्षरां नहीं."

दिसायला सारखं, आतून वेगळं

उर्दू वाचणाऱ्या घरांना हा फरक नवा नाही. उर्दू वर्तमानपत्रांची पानं पूर्वी कातिब हातानं लिहीत. 1981 साली मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या मदतीनं नूरी नस्तालीक संगणकावर आणलं, नव्वदच्या दशकात इनपेज आलं आणि कितीतरी कातिबांच्या हातची लेखणी गेली. तरीही इंटरनेटवर बरीच वर्षं उर्दू मजकूर फोटोच्याच रूपात चढवला जाई, कारण समोरच्याच्या संगणकावर ती अक्षरं नीट उमटतील याचा भरवसा नव्हता. वाचता येई, पण त्यातला शब्द शोधता येत नसे, उचलून दुसरीकडे लिहिता येत नसे. युनिकोडमुळे ती अडचण सुटली. आणि मी काय केलं, तर खऱ्या अक्षरांच्या पानाचा पुन्हा फोटो करून टाकला!

मग त्या मुलीनं दुसरा रस्ता दाखवला. वेब पानाची मांडणी जशीच्या तशी ठेवून त्याच्या अशा स्लाइड करायच्या, की शीर्षक हे शीर्षक राहील, परिच्छेद परिच्छेद राहील, तक्ता तक्ता राहील आणि प्रत्येक गोष्टीवर क्लिक करून बदल करता येईल. हे सगळं आपल्याच संगणकावर, ब्राउझरच्या आत होतं. तिनं त्यासाठी 'पीपीटीएक्सजेनजेएस' नावाची फुकट मिळणारी तयार प्रणाली वापरून एक छोटं साधन बनवलं होतं.

ते कसं चालतं हे मला समजावून घ्यायचं होतं, कारण जे आपल्याला कळत नाही ते वर्गात वापरायला मन धजत नाही.

स्लाइडच्या पोटात काय असतं?

आधी एक प्रयोग करा. पॉवरपॉइंटची एखादी फाइल घ्या, तिची एक प्रत काढा आणि त्या प्रतीच्या नावातलं शेवटचं 'पीपीटीएक्स' खोडून तिथं 'झिप' लिहा. आता ती उघडा. आत फोल्डर दिसतील. प्रत्येक स्लाइडची एक वेगळी फाइल आणि त्या फाइलमध्ये साध्या मजकुरात लिहिलेलं वर्णन: अमुक चौकट, डावीकडून इतक्या अंतरावर, इतकी रुंद, आत हे शब्द, हा रंग. चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये. पॉवरपॉइंट 1987 पासून आहे, पण हा उघडा नमुना 2007 च्या आवृत्तीपासून आला. म्हणूनच आज मायक्रोसॉफ्टशिवाय इतरांनाही अशी फाइल लिहिता येते, आणि लिबरऑफिससारख्या फुकट प्रणालीतही ती उघडते.

इकडे ब्राउझरही प्रत्येक पान चौकटींनीच मांडतो. कुठली चौकट कुठे आहे, किती उंच आहे, अक्षराचा आकार आणि रंग काय, हे त्याला विचारलं की तो आकड्यांत सांगतो. म्हणजे काम उरलं ते एका मापातून दुसऱ्या मापात नेण्याचं, शिंप्यानं इंचाच्या टेपवरचं माप सेंटिमीटरमध्ये लिहून घ्यावं तसं.

वेब पानाचं माप पिक्सेलमध्ये असतं. 96 पिक्सेलचा एक इंच धरतात. पॉवरपॉइंट एका इंचाचे 9,14,400 बारीक भाग करतो. म्हणून एक पिक्सेल म्हणजे असे 9,525 भाग. 1280 पिक्सेल रुंद आणि 720 पिक्सेल उंच पान नेमकं 13.33 इंच रुंद आणि 7.5 इंच उंच स्लाइडवर बसतं. आपली नेहमीची रुंद स्लाइड याच मापाची असते.

आता मागच्या सतरंजीवरच्या बायकांना का वाचता आलं नाही, तेही या हिशोबात सापडलं. अक्षराचं माप पॉइंटमध्ये असतं आणि 72 पॉइंटचा एक इंच होतो. वेब पानावर साधा मजकूर बहुधा 16 पिक्सेलचा असतो, म्हणजे स्लाइडवर 12 पॉइंट. हातभर अंतरावरून वाचायला ते ठीक आहे. वर्गाच्या शेवटच्या रांगेसाठी मी आता 24 पॉइंटच्या खाली जात नाही. म्हणजे मांडणी तंतोतंत उतरली तरी काम निम्मंच होतं. उरलेलं निम्मं काम, मजकूर कमी करून अक्षरं दुप्पट करण्याचं, शिक्षकाला हातानंच करावं लागतं. आणि ते करता यावं म्हणूनच अक्षरं अक्षरं राहायला हवीत.

थान कुठे कापायचं?

दुसरी अडचण लांबीची. वेब पान मागावरून उतरणाऱ्या कापडासारखं लांबच लांब असतं. स्लाइड म्हणजे मापात कापलेली चादर. सोलापूरचा विणकर नक्षीच्या मधोमध कात्री चालवत नाही. पण साधन दर 720 पिक्सेलला आंधळेपणानं कापत गेलं, तर शीर्षक एका स्लाइडच्या तळाशी आणि परिच्छेद दुसरीच्या माथ्यावर, असं होतं. चांगलं साधन मोठ्या शीर्षकांशी किंवा विभागांशी कापतं. तरी एकदा डोळ्याखालून घालावंच.

काही गोष्टी तशाच उतरत नाहीत. पानावरची हलणारी चित्रं, काही सावल्या, एकात एक मिसळलेले रंग यांना स्लाइडमध्ये हुबेहूब जोड नसते. तेवढ्याच भागाचं चित्र करून टाकणं हा शहाणपणाचा तोडगा. सजावट चित्र झाली तर बिघडत नाही, शब्द चित्र होता कामा नये. शिवाय दुसऱ्या संकेतस्थळावरून आणलेलं चित्र ब्राउझर सुरक्षेसाठी अडवून धरू शकतो. तसं चित्र वेगळं उतरवून हातानं लावावं लागतं.

आपल्या लिप्यांची परीक्षा

इंग्रजी पान सहज उतरतं. खरी परीक्षा उर्दू आणि मराठीची.

स्लाइडच्या फाइलमध्ये फॉन्टचे कप्पे वेगवेगळे असतात: एक रोमन अक्षरांचा, एक चिनी-जपानीसारख्या लिप्यांचा आणि एक ज्यांना संगणकवाले 'गुंतागुंतीच्या लिप्या' म्हणतात त्यांचा. देवनागरी आणि उर्दू या तिसऱ्या कप्प्यात येतात. साधनानं फॉन्टचं नाव फक्त पहिल्या कप्प्यात लिहिलं, तर आपला सुंदर नस्तालीक जाऊन भलतंच वळण दिसतं. आमचं पहिल्यांदा तेच झालं.

दुसरं म्हणजे दिशा. उर्दू परिच्छेद उजवीकडून डावीकडे चालतो, पण त्यातला 1848 हा आकडा डावीकडून उजवीकडे वाचायचा असतो. परिच्छेद उजवीकडून सुरू होतो ही खूण फाइलमध्ये लिहावी लागते. नाहीतर पूर्णविराम आणि कंस भलत्या टोकाला जाऊन बसतात. काही साधनं तर प्रत्येक शब्दाची वेगळी चौकट करतात. तिथं उर्दू वाक्य सुधारायला जाणं म्हणजे तुटलेल्या माळेतले मणी एकेक करून जागेवर ठेवणं.

तिसरं, नस्तालीक तिरका उतरतो, त्याला उभी जागा जास्त लागते. ओळींमधलं अंतर कमी पडलं की वरचे नुक्ते कापले जातात. मराठीतही वेलांटी आणि रफार यांची तीच गत. आणि ज्या संगणकावर दाखवायचं, तिथं तो फॉन्ट नसेल तर सगळी मेहनत वाया. नोटो नस्तालीक उर्दू आणि नोटो सॅन्स देवनागरी हे दोन्ही फॉन्ट फुकट मिळतात. ते मी पेन ड्राइव्हवर बरोबरच ठेवते.

घरची गोष्ट घरात

ब्राउझरमध्येच काम होण्याचा आणखी एक फायदा पालकांनी समजून घ्यावा. अनेक संकेतस्थळं तुमची फाइल आपल्या संगणकाकडे मागवून घेतात आणि बदलून परत पाठवतात. धड्याच्या पानाचं ठीक आहे, पण मुलींची नावं, गुण, फोटो असलेलं पान असं कुठंही पाठवणं योग्य नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, ती उगाच नाही. साधन खरोखर आपल्याच संगणकावर चालतं का, हे पाहण्याची सोपी युक्ती अशी: साधन उघडल्यावर इंटरनेट बंद करा आणि मग रूपांतर करून पाहा. तरीही फाइल तयार झाली, तर ती घरातच तयार झाली.

दुसऱ्याचं पान वापरताना हक्काचाही विचार हवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात मजकूर वापरण्याची मुभा देतं. पण त्या स्लाइड आपल्या नावानं विकणं किंवा गावभर वाटणं त्यात बसत नाही. पान कुणाचं, ते शेवटच्या स्लाइडवर लिहिणं हा साधा प्रामाणिकपणा आहे.

तीन भाषांचं गाव

आपल्याच सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही ते आले, आणि 2020 साली डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांनी पुस्तकातून पडद्याकडे जाणारी वाट उघडली. पडद्यावरचं पुन्हा वर्गात आणताना ते आपल्या मुलांच्या भाषेत बसवणं, हे काम ज्याच्या त्याच्या शाळेलाच करावं लागतं.

अक्कलकोट कर्नाटकाच्या वेशीवर आहे. एकाच आळीत मराठी, उर्दू, कन्नड कानावर पडतात. शाळेत उर्दू लिहिणाऱ्या मुलीची अम्मी मराठी शाळेत शिकलेली असते आणि नानीला कन्नड जास्त जवळची वाटते. फोटोंच्या स्लाइड असत्या तर तीन वेगळी पानं शोधावी लागली असती. आता मांडणी एकच, चित्रं तीच, फक्त शब्द बदलायचे. मराठी आणि उर्दू मी केलं. कन्नडसाठी शेजारच्या शाळेतल्या बाईंनी मदत केली.

घरी करून पाहणार असाल तर तीन गोष्टी आधी तपासा. स्लाइडमधल्या एखाद्या शब्दाच्या मधोमध क्लिक करा, तिथं उभी रेघ लुकलुकली तर ती अक्षरं आहेत, नाहीतर फोटो आहे. परिच्छेदात एक शब्द वाढवून पाहा, पुढच्या ओळी आपोआप सरकायला हव्यात. आणि फाइल ज्या संगणकावर दाखवायची, त्याच्यावर आदल्या दिवशी एकदा उघडून पाहा.

फेब्रुवारीतल्या पालक सभेला आम्ही तोच कार्यक्रम पुन्हा ठेवला. या वेळी बाराऐवजी वीस स्लाइड झाल्या, पण प्रत्येकीवर चार-पाच ओळीच. सभेच्या आधी मी नववीतल्या त्या मुलीला संगणकावर बसवलं. तिनं फातिमाबींची स्लाइड उघडली, जन्मतारखेवर क्लिक केलं, ती खोडली आणि त्या जागी पत्राची तारीख लिहिली: 10 ऑक्टोबर 1856. आधी मराठीत, मग उर्दूत. उर्दूत आकडा योग्य जागी बसला का, ते तिनं दोनदा पाहिलं.

मागच्या सतरंजीवरून तिच्या अम्मीनं ती ओळ मोठ्यानं वाचली.