आधी गवत, मग सिंह

टांझानियातल्या अरुशाहून सकाळी निघालेली गाडी न्गोरोंगोरोचा डोंगर चढते, धुक्यातून पलीकडे उतरते आणि दुपारच्या सुमारास सेरेंगेटीच्या नाबी हिल फाटकाशी येऊन थांबते. परवान्याचे सोपस्कार होईपर्यंत प्रवासी शेजारच्या टेकडीवर चढतात. चढतात ते सिंह, हत्ती, निदान एखादा जिराफ दिसेल या आशेनं. वर्षाच्या चुकीच्या महिन्यात गेलं, तर दिसतं फक्त गवत. नजर पोचेल तिथवर गवत, त्यावर ढगांच्या सावल्या. मासाई भाषेतल्या ‘सिरिंगेत’ या शब्दावरून या मुलखाला नाव पडलं. त्याचा अर्थच न संपणारं माळरान.

ताडोबाला जाऊन आलेल्या माणसाला इथे पहिले काही तास चुकल्यासारखं होतं. तिथे बांबूच्या आड वाघ क्षणभर दिसतो, वानराच्या खाकरण्यावरून त्याचा माग काढायचा असतो. इथे आडोसाच नाही. सगळं उघड्यावर आहे, आणि तरीही कुठे बघावं ते कळत नाही. माझं म्हणणं असं की, सुरुवात पायाखालून करावी. सेरेंगेटी समजायची तर आधी गवत समजलं पाहिजे. सिंह पळून जात नाहीत.

दक्षिणेच्या या मैदानावर झाडं का नाहीत, याचं उत्तर आग्नेयेकडच्या ज्वालामुखींत आहे. लाखो वर्षं तिथली राख वाऱ्याबरोबर येऊन इथे साचत गेली. ओल दोइन्यो लेंगाई, म्हणजे मासाईंचा ‘देवाचा डोंगर’, अजून जागा आहे. त्याचा मोठा स्फोट २००७-०८ मध्ये झाला. पावसानं राखेतला चुना खाली झिरपला आणि जमिनीखाली त्याचा दगडासारखा थर जमला. झाडांची मुळं त्यात शिरू शकत नाहीत. गवताला मात्र वरची माती पुरते, आणि त्या मातीत कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर. तान्ह्या पोराच्या आईला हवा असा हा खुराक.

म्हणून फेब्रुवारीच्या आसपास विल्डबीस्ट या गवतावर जगणाऱ्या कुरंगांच्या माद्या इथे, न्दुतूच्या परिसरात, वितात. बहुतेक वासरं दोन-तीन आठवड्यांत जन्मतात. सिंह आणि तरस खाऊन खाऊन किती खाणार? त्यांचं पोट भरतं, वासरं उरतात. पिल्लू काही मिनिटांत उभं राहतं आणि लगेच पळायला लागतं. न पळणाऱ्याला इथे दुसरा दिवस नसतो.

दक्षिणेला पाऊस कमी. पावसाळा सरला की डबकी आटतात, गवत वाळतं आणि कळप निघतात: आधी वायव्येकडे, मग उत्तरेला मारा नदीकडे, जिथे पाऊस जवळजवळ दुप्पट. वर्षअखेर पुन्हा दक्षिणेत. या वर्तुळाला ना मुक्काम, ना म्होरक्या. आपल्याकडच्या मेंढपाळांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही; पावसामागे चालत जाणं त्यांना ठाऊक आहे.

बरोबर झेब्रे असतात, तेही उगाच नाही. झेब्रा रवंथ करत नाही. भरड, उंच काड्या भराभर खाऊन पोट भरतो. त्याच्यामागून आलेल्या विल्डबीस्टला खालची पानं मिळतात, आणि त्याच्याही मागून येणाऱ्या चिमुकल्या थॉमसन हरणांना नवे कोंब. एकाच ताटात तीन पंगती. विल्डबीस्ट किती, यावर मात्र एकमत नाही. विमानातून केलेल्या मोजणीवरून तेरा लाखांचा आकडा वर्षानुवर्षं सांगितला जातो; उपग्रहाच्या छायाचित्रांवरून संगणकानं केलेल्या अलीकडच्या मोजणीत तो सहा लाखांच्या आतच निघाला. मैदानात उभं राहिलं की दोन्ही आकडे सारखेच अशक्य वाटतात.

पण हे कळप एकेकाळी खरोखरच थोडे होते, आणि त्यामागचा शब्द आपल्या गावाकडच्या जुन्या माणसांच्या ओळखीचा आहे: बुळकांडी. गुरांचा हा रोग १८८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेच्या शिंगासारख्या पूर्व टोकाला पोचला. इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांतून तो शिरला, आणि ती गुरं भारतातली होती, असं बहुधा मानलं जातं. पुढच्या काही वर्षांत त्यानं पूर्व आफ्रिकेतली बहुतेक गुरं मारली. गुरांवरच जगणारे मासाई उपासमारीनं मेले. रानातली म्हैस आणि विल्डबीस्टही गेले, आणि रोग तिथेच ठाण मांडून बसला. दरवर्षी वासरं जन्मायची आणि त्यातली बरीच वर्षाच्या आत मरायची.

रानातल्या जनावरांना कोणी टोचलं नाही. टोचलं ते उद्यानाभोवतीच्या गावांतल्या गुरांना. केनियातल्या मुगुगा इथे वॉल्टर प्लोराइट यांनी १९६० च्या सुमारास तयार केलेली लस स्वस्त आणि भरवशाची निघाली. गुरं वाचली आणि १९६३ च्या सुमारास विल्डबीस्टमधला रोगही आपोआप गेला, कारण रोगाचं घर रानात नव्हतंच, गोठ्यात होतं. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले विल्डबीस्ट १९७७ पर्यंत तेरा लाखांवर गेल्याचं मोजणीत दिसलं. एवढी तोंडं गवत खाऊ लागल्यावर वणव्याला जळायला गवत कमी उरलं. वणवे घटले तशी उत्तरेत झाडं वाढली. गायीला दिलेल्या सुईनं रान हिरवं झालं. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं.

गोठ्याचं आणि रानाचं हे नातं उलटंही फिरतं. १९९४ मध्ये गावकुत्र्यांकडून आलेल्या डिस्टेंपर या रोगानं इथल्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजारेक सिंह मेले. गीरमध्ये २०१८ साली त्याच रोगाच्या विषाणूनं सिंह दगावले, हे आपल्याला आठवत असेल.

आता सफारीकडे वळू. हा शब्द स्वाहिलीत अरबीतून आला, त्याचा अर्थ प्रवास. आपली ‘सफर’ त्याच कुळातली. स्वाहिलीत गाडीला ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’, आणि चहा-चपाती तर जशीच्या तशी, त्यामुळे मराठी माणूस तिथे फारसा परका राहत नाही. छत वर उचलता येणारी लँड क्रूझर, चालक हाच वाटाड्या, आणि त्याच्या वायरलेसवर अखंड कुजबुज. त्यातले काही शब्द पाठ असले की मजा वाढते: सिंबा म्हणजे सिंह, चुई बिबट्या, दुमा चित्ता, फिसी तरस, न्युंबू विल्डबीस्ट. ‘चुई’ ऐकताच सेरोनेराच्या खोऱ्यातल्या गाड्या एका सॉसेजच्या झाडाखाली जमा होतात, आणि फांदीवरून लोंबणारी शेपटी बघायला वीस कॅमेरे सरसावतात. हे दृश्य मला फारसं आवडत नाही, पण ताडोबातल्या पाणवठ्यावरची जिप्सींची रांग बघितलेल्या माणसानं त्यावर नाक मुरडू नये.

उद्यानात रस्ता सोडून गाडी गवतात घालायला मनाई आहे. न्दुतूचा बराचसा भाग न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात येतो, तिथे ती मुभा असते. फेऱ्या उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंतच. पहाटेच्या अंधारात उठून गरम हवेच्या फुग्यातून मैदानावर तरंगायचं, तर माणशी पाचशे डॉलरहून जास्त मोजावे लागतात. पश्चिमेच्या पट्ट्यात त्सेत्से माशी चावते. निळा आणि काळा रंग तिला बोलावतो, म्हणून झाडांना टांगलेले निळे-काळे कापडी सापळे दिसतात. जीन्स घरी ठेवा. त्याच भागातल्या मातीला इंग्रजीत ‘ब्लॅक कॉटन’ म्हणतात. पावसात तिच्यात रुतलेली गाडी बघून मराठवाड्यातला माणूस मनातल्या मनात हसेल. केनियामार्गे जाणार असाल तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घ्या. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे.

मारा नदी ओलांडतानाची चित्रं सगळ्यांनी पाहिलेली असतात. मगरी दिसतात, पण त्यापेक्षा कितीतरी अधिक विल्डबीस्ट नुसते बुडून, चेंगरून मरतात: वर्षाला सरासरी सहा हजारांवर. गिधाडं आणि मासे त्यांच्यावर जगतात, आणि हाडांमधून फॉस्फरस पुढची कित्येक वर्षं नदीत झिरपत राहतो.

एक गोष्ट फुग्यातून दिसत नाही. १९५१ मध्ये उद्यान झालं तेव्हा मासाई इथेच राहत होते. १९५९ मध्ये हद्दी बदलून त्यांना न्गोरोंगोरोकडे हलवलं गेलं. प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मायकेल झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या विमानातून कळप मोजत होते ते याच सुमारास. १९५९ च्या जानेवारीत विमानाला गिधाड धडकलं आणि मायकेल गेला. या मैदानावरच्या त्यांच्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. मोरू भागातल्या खडकांवर मासाईंनी रंगवलेल्या ढाली अजून आहेत. आज १४,७६३ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात, म्हणजे पुणे जिल्ह्याहून जरा लहान मुलखात, त्यांची गुरं चरू शकत नाहीत.

परतीच्या वाटेवर एखाद्या दुपारी गाडी थांबवायला सांगा. सिंहासाठी नाही. गवतातून एक मोठा, करड्या मानेचा पक्षी सावकाश चालत येईल. त्याला कोरी बस्टर्ड म्हणतात. तो आपल्या माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ. सोलापूरजवळ नान्नजला ज्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं आणि जो आता तिथे जवळजवळ दिसेनासा झाला आहे, त्याचीच ही चाल, मान ताठ, पाय मोजून टाकलेले. पायाजवळून नाकतोडे उडतात. चालक इंजिन बंद करतो, वायरलेसवर कोणीतरी ‘सिंबा, सिंबा’ म्हणत असतं. पक्षी रस्ता ओलांडतो आणि पलीकडच्या गवतात शिरतो. थोडा वेळ त्याची मान वर दिसत राहते.