तलावावरचे बिनपगारी हात

जुलैत दख्खनच्या पठारावर पश्चिमेचा वारा स्थिरावला की हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या लहान होड्यांच्या शर्यती सुरू होतात. सोळाव्या शतकात कुतुबशाहीत बांधलेला हा तलाव, मध्ये १९९२ साली उभी राहिलेली बुद्धाची अखंड पाषाणमूर्ती, काठावर वाहनांची अखंड रांग आणि या साऱ्यांच्या मधोमध जेमतेम सव्वादोन मीटर लांबीच्या होड्यांत एकेकटी बसलेली दहा-बारा वर्षांची मुले. या होडीला ऑप्टिमिस्ट म्हणतात. १९४७ साली क्लार्क मिल्स यांनी अमेरिकेतल्या फ्लोरिडात प्लायवूडच्या दोन फळ्यांतून होईल अशा बेताने ती आखली. एक शीड, एक सुकाणू, पाण्यात उभी घालायची एक फळी आणि एक मूल. जगभरातील ऑलिंपिकपटूंपैकी पुष्कळांनी आपला पहिला वारा याच होडीत ओळखला आहे.

काठावरून पाहणाऱ्याला शर्यतीतले फारसे काही कळत नाही. क्रिकेटला सरावलेल्या डोळ्यांना तर हा सगळा गोंधळच वाटतो, कारण सर्वांत पुढची होडी कोणती हेही वारा फिरला की बदलते. पण दुर्बीण होड्यांवरून काढून सुरुवातीच्या रेषेपाशी नांगरलेल्या मोठ्या बोटीकडे वळवली, तर या खेळाचे खरे अर्थकारण दिसू लागते. त्या बोटीवर एक जण घड्याळ धरून आहे, दुसरा निशाण चढवतो-उतरवतो आणि तिसरा भोंगा वाजवतो. पाच मिनिटे, चार मिनिटे, एक मिनिट आणि आरंभ असा हा क्रम जगात सर्वत्र सारखाच. चौथा माणूस रेषेवर डोळे लावून बसला आहे. कोणती होडी अर्धा सेकंद आधी निघाली हे त्याला होडीच्या क्रमांकासह सांगावे लागते. दूरवर दोघे जण मोटरबोटीतून हवेने फुगवलेला बोया ओढत आहेत. वारा दहा-पंधरा अंश सरकला की त्यांना नांगर चिखलातून उपसून बोया नव्या जागी न्यावा लागतो, नाहीतर वाऱ्याच्या विरुद्ध तिरकस चढत जाण्याच्या कौशल्याला अर्थच राहत नाही. आणखी दोन-तीन बोटी उलटलेल्या होडीकडे धावण्यासाठी सज्ज आहेत. पन्नास होड्यांच्या शर्यतीला पाण्यावर आणि काठावर मिळून पंधरा-वीस माणसे सहज लागतात. त्यांतील बहुतेकांना त्या दिवसाचे चहा-जेवणापलीकडे काही मिळत नाही.

आपल्या क्रीडाधोरणात या माणसांसाठी रकाना नाही. खेळाडूला शिष्यवृत्ती आहे, पदकाला रोख बक्षीस आहे, प्रशिक्षकाला मानधन आहे, महासंघाला अनुदान आहे. संसदेने २०२५ साली संमत केलेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महासंघांच्या निवडणुका, खेळाडूंचे प्रतिनिधित्व आणि तंट्यांसाठी न्यायाधिकरण यांचा विचार झाला. तो आवश्यकच होता. परंतु रविवारी पहाटे सुरक्षा नौकेत इंधन भरणारा माणूस या चौकटीत कोठेच येत नाही. धावण्याची शर्यत एका शिट्टीवर घेता येते. शिडाच्या होड्यांची शर्यत स्वयंसेवकांशिवाय घेताच येत नाही, आणि त्यांच्याशिवाय घेतली तर कोणी तरी बुडते.

हा खेळ भारतात दोन दारांनी आला. पहिले दार साहेबांचे होते. मुंबईचा रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा, पुण्याचा कॅनॉट बोट क्लब १८६८चा, मद्रासचा यॉट क्लब १९११चा. स्वातंत्र्यानंतर दुसरे दार सैन्यदलांनी उघडले. सिकंदराबादची ईएमई सेलिंग असोसिएशन, मुंबईतले लष्कराचे नौकानयन केंद्र आणि नौदलाचे तळ यांनी हा खेळ जगवला. होड्या, धक्का, मनुष्यबळ आणि मुख्य म्हणजे खेळाडूला नोकरी, हे सारे तेथे होते. १९८२च्या आशियाई स्पर्धेतील नौकानयनाच्या शर्यती मुंबईत झाल्या आणि फारोख तारापोर व झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गात सुवर्णपदक मिळवले, ही गोष्ट मुंबईकरही आता विसरले आहेत. टोकियो आणि पॅरिस अशा दोन ऑलिंपिकमध्ये उतरलेला विष्णू सरवणन हा लष्करातलाच. पॅरिसमध्ये तो अठरावा आला. लष्करी शिस्तीत शर्यतीची व्यवस्था उत्तम होते यात शंका नाही. पण तेथे बोया टाकणारा जवान हुकमाने येतो. त्याची बदली झाली की त्याचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. नागरी समाजात ती परंपरा त्यामुळे रुजली नाही. क्लबांत पैसा होता आणि छावणीत माणसे होती, मधला समाज मात्र काठावर उभा राहिला.

गेल्या दोन दशकांत या मधल्या समाजाला पाण्यात उतरवण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांतील दोन लक्षात घेण्याजोगे आहेत. एक सरकारी, भोपाळचा. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधला असे मानल्या जाणाऱ्या मोठ्या तलावावर मध्य प्रदेश सरकारने नौकानयनाचे निवासी प्रशिक्षण सुरू केले. देवास जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातली नेहा ठाकूर तेथे शिकली आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली आयएलसीए-४ वर्गात रौप्यपदक घेऊन आली. त्याच स्पर्धेत कांस्यपदक मिळवणारा इबाद अली हाही भोपाळचाच. २०१८ साली जकार्तात कांस्यपदक मिळवणारी हर्षिता तोमर त्यांच्याही आधीची. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या राज्याने समुद्रावरच्या खेळात ही कामगिरी करावी, याचे आपल्याकडे पुरेसे कौतुक झाले नाही. सातशेहून अधिक किलोमीटर किनारा लाभलेल्या महाराष्ट्राने तर त्याची नोंद घ्यायलाच हवी होती.

दुसरा प्रयत्न हैदराबादचा. सुहेम शेख यांनी २००९ साली उभ्या केलेल्या यॉट क्लब ऑफ हैदराबादने श्रीमंत सभासदांची यादी वाढवण्याऐवजी तलावाशेजारच्या वस्त्यांतील आणि वंचित मुलांच्या शाळांतील मुलांना होडीत बसवले. रसूलपुऱ्यासारख्या वस्तीत वाढलेल्या मुलामुलींसाठी हुसेनसागर म्हणजे दुर्गंधी आणि विसर्जनाची गर्दी एवढेच होते. त्याच पाण्यावर वाऱ्याची दिशा गालाने ओळखायला ती शिकली. या क्लबात घडलेली प्रीती कोंगारा हांगझोऊला ४७० वर्गाच्या मिश्र जोडीत भारतातर्फे उतरली.

बातम्या येथे थांबतात. माझे कुतूहल मात्र येथून सुरू होते. वस्तीतल्या मुलाला होडी देणे तुलनेने सोपे आहे. होडी ही वस्तू आहे, तिच्यावर देणगीदाराचे नाव लिहिता येते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण हा सामाजिक दायित्वाच्या खर्चाचा मान्य विषय आहे, त्यामुळे नव्या होड्या, शिडे, टोप्या मिळू शकतात. सुरक्षा नौकेचे पेट्रोल, इंजिनाची दुरुस्ती, शर्यत घेणाऱ्यांचा प्रवासखर्च यांवर नाव कोठे लिहिणार? या खेळात पोरांना शिकवण्याचा निम्मा भाग तर छायाचित्रात दिसण्यासारखा नसतोच. पहिल्या आठवड्यात होडी मुद्दाम उलटवायला शिकवतात. उलटली की तिला सोडायचे नाही, पाण्यातल्या फळीवर वजन टाकून ती सरळ करायची, आत चढायचे, पाणी उपसायचे. हे करताना शेजारी एक मोठा माणूस बोट घेऊन नुसता थांबलेला असतो. त्याने घाईने हात दिला तर मूल शिकत नाही, उशीर केला तर घाबरून पुन्हा येत नाही. हा अंदाज पुस्तकातून येत नाही, काही हंगाम पाण्यावर काढल्यावरच येतो.

मोठी झालेली मुले लहानांना शिकवू लागतात तेव्हा क्लब खऱ्या अर्थाने उभा राहतो. पण सोळाव्या-सतराव्या वर्षी वस्तीतल्या मुलासमोर घरखर्चाचा प्रश्न उभा ठाकतो. सुखवस्तू घरचा मुलगा रविवार फुकट देऊ शकतो, रोजंदारीच्या घरातल्या मुलीला तो परवडत नाही. ‘स्वयंसेवा’ हा सुंदर शब्द उच्चारताना आपण हे विसरतो. साहाय्यक प्रशिक्षक, सुरक्षा नौकाचालक, शर्यत अधिकारी या पायऱ्यांना राज्य क्रीडा विभागाने प्रमाणपत्र आणि माफक दिवसभत्ता दिला, तर फार मोठा खर्च येणार नाही. शर्यतींचे आयोजन, जीवरक्षण, जलपर्यटन, आपत्ती निवारण या सर्वांना हीच माणसे लागतात. मला वाटते, दहा नव्या होड्यांपेक्षा अशी चार माणसे त्या तलावाला अधिक काळ पुरतील.

सुरक्षेचा मुद्दा वडोदऱ्याने अधोरेखित केला आहे. १८ जानेवारी २०२४ रोजी तेथील हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळकरी मुलांची मोटरबोट उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. क्षमतेहून अधिक माणसे चढवलेली होती आणि सर्वांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. होड्यांच्या क्लबात कोणी लाइफ जॅकेटविना धक्क्याच्या पुढे गेला तर त्याला परत पाठवतात. किती पाण्यात गेले आणि किती परतले याची यादी रोज ताडून पाहिली जाते, कितीही ओळखीचा असला तरी त्याची खूण झाल्याशिवाय काठावरचा माणूस घरी जात नाही. ही सवय देशातल्या प्रत्येक सहलीच्या तलावाला हवी आहे. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात यंत्रावर चालणाऱ्या नौकांची नोंदणी व तपासणी तपशिलाने आली आहे. बिनयंत्राच्या होड्यांचा विषय राज्यांमार्फत स्थानिक स्वराज्य संस्थांकडे जातो. पण किती नगरपालिकांपाशी होडी तपासू शकेल असा माणूस आहे? तो बहुधा त्याच गावच्या क्लबात, आणि तोही बिनपगारी, सापडेल.

याला दुसरी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. शुद्ध हेतूने चालणाऱ्या क्लबातही मुलांची जबाबदारी परक्या मोठ्यांच्या हाती असते. चेंजिंग रूम, परगावचे दौरे, एकाच बोटीत एकटे मूल आणि एकटा प्रौढ हे सारे धोक्याचे प्रसंग. बिनपगारी माणूस म्हणून त्याला कोणी विचारू नये, ही भिडेची संस्कृती मोडायला हवी. नावनोंदणी, पार्श्वभूमीची तपासणी, मुलींच्या तुकडीबरोबर स्त्री स्वयंसेवक यांत अपमान मानण्याचे कारण नाही. मान द्यायचा तर हिशेबही मागायचा.

आणि शेवटी पाणी. १९८२च्या आशियाई स्पर्धेत वल्हवण्याच्या शर्यती जयपूरजवळच्या रामगढ तलावावर झाल्या होत्या. पुढे पाणलोटातील अतिक्रमणांनी ओढे अडले आणि तो तलावच कोरडा पडला. हुसेनसागराचे भांडण वेगळे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचे विसर्जन तेथे नको, असे तेलंगण उच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले आणि त्या वर्षापुरती सूट मिळवण्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. भोपाळचा मोठा तलाव रामसर यादीतली पाणथळ जागा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ साली तेथील क्रूझ आणि मोटरबोटींच्या पर्यटनावर बंदी आणली. ही बंदी योग्य दिशेचीच. मात्र अशा आदेशांची अंमलबजावणी करताना पर्यटकांना फिरवणारी डिझेल बोट आणि मुलांच्या मागे राहणारी बचाव नौका यांतला फरक कागदावर स्पष्ट लिहिलेला असावा. बॅटरीवर चालणाऱ्या बचाव नौका घ्यायला राज्याने मदत केली तर हा तिढाही बराच सुटेल. तलावाच्या व्यवस्थापन समित्यांवर बांधकाम, पर्यटन आणि मत्स्य विभागाचे अधिकारी असतात. वर्षातले शंभर दिवस त्याच पाण्यावर असणारा, जलपर्णी कोणत्या आठवड्यात कोठून सुरू झाली हे सांगू शकणारा माणूस क्वचितच असतो.

शर्यत संपते तेव्हा संध्याकाळ झालेली असते. पाण्यावर या खेळाला बहुधा पंच नसतो. उजवीकडून वारा घेणाऱ्या होडीला वाट द्यायची आणि चूक झाली तर आपणच दोन गिरक्या घेऊन प्रायश्चित्त करायचे, असा नियम. वाद उरलाच तर मुले अर्ज लिहून देतात. मग एका टेबलाभोवती तीन मोठी माणसे बसतात आणि रसूलपुऱ्याची मुलगी व कर्नलचा मुलगा चहाच्या कपांना होड्या मानून, कोण कोठे होते ते दाखवू लागतात. बाहेर कोणी तरी बोये धुऊन, मोजून ठेवत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा धक्क्यावर यायचे असते.