डाव्या-उजव्या औषधांची गोष्ट

पावसाळ्याच्या तोंडावर आपण शेळ्यामेंढ्यांना जंताचे औषध पाजतो. पुडीवर किंवा बाटलीवर कधी टेट्रामिसोल लिहिलेले असते, कधी लेव्हामिसोल. नावे जुळती म्हणून एकाचे माप दुसऱ्याला लावणे धोक्याचे आहे.

काही औषधांचे रेणू आपल्या पायातल्या चपलांसारखे असतात. घडण एकच, पण एक डावा, दुसरा उजवा. टेट्रामिसोलमध्ये दोन्ही निम्मे निम्मे असतात आणि जंताविरुद्धचे काम जवळजवळ सगळे डावेच करतात. लेव्हामिसोल म्हणजे नुसते डावे. म्हणून टेट्रामिसोलचे माप दर किलो वजनाला साधारण १५ मिलिग्रॅम, तर लेव्हामिसोलचे साडेसात. माप चुकून दुप्पट झाले की शेळी लाळ गाळते, थरथरते, कधी दगावतेही.

फरक एवढाच नाही. कोरड्या पदार्थाचा स्वभावही पालटतो. आपल्या चिंचेतले टार्टारिक आम्ल घ्या. ते एकाच बाजूचे असते. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात ते सुमारे १३९ ग्रॅम विरघळते. डावे-उजवे सारखे मिसळलेले तेच आम्ल जेमतेम २० ग्रॅम! पहिले १७० अंशांच्या आसपास वितळते, दुसऱ्याला २०६ लागतात. कारण स्फटिकातील रचना. खोक्यात डावी-उजवी चप्पल उलटसुलट ठेवली की घट्ट बसते. तसे मिश्रणातले रेणू एकमेकांना धरून बसतात; ती पकड सोडवायला उष्णताही जास्त लागते आणि पाण्यालाही ते अवघड जाते.

सगळेच पदार्थ असे जोडीने बसत नाहीत. काहींचे डावे स्फटिक वेगळे, उजवे वेगळे होतात. लुई पाश्चर यांनी १८४८ साली याच आम्लाच्या एका क्षाराचे असे स्फटिक चिमट्याने निवडून वेगळे केले. पण तो क्षार साधारण २७ अंशांखालीच असा वेगळा होतो. आमच्या बालाघाटच्या मे महिन्यात पाश्चरसाहेबांना काही हाती लागले नसते!

माणसांच्या औषधांतही हेच. ताप-अंगदुखीवरचे नेहमीचे आयब्युप्रोफेन मिश्र असते. ते ७६ अंशांच्या सुमारास वितळते. त्यातले गुणकारी तेवढे वेगळे काढले तर ते ५२ अंशांच्या आसपासच वितळते. गोळी बनवणाऱ्या कारखान्याला त्याचा वेगळा विचार करावा लागतो. उन्हात उभ्या मोटारसायकलची डिकी किती तापते ते आपण जाणतोच. औषध कोणतेही असो, ते डिकीत, टिनाच्या छपराखालच्या माळ्यावर किंवा चुलीजवळ ठेवू नये.

औषध पाण्यात विरघळले की स्फटिक मोडतो, पण डावा रेणू डावाच राहतो. म्हणून बाटलीतल्या पातळ औषधालाही मापाचा नियम तोच. गुरांच्या डॉक्टरांकडे जाताना रिकामी बाटली किंवा पुडी सोबत न्यावी आणि शेळीचे वजन अंदाजाने न सांगता काट्यावर करून सांगावे.