दुधातील प्रथिने आणि केसाहून अरुंद फट

शिरूर व दौंड तालुक्यांतील दूध संकलन केंद्रांवर उत्पादकाच्या हाती जी पावती पडते, तिच्यावर दोन आकडे निर्णायक असतात : फॅट आणि एसएनएफ. २०२३ साली राज्य शासनाने गायीच्या दुधाचा किमान दर ठरविताना ३.५ फॅट व ८.५ एसएनएफ हेच प्रमाण आधारभूत धरले होते. प्रथिने दुसऱ्या आकड्यात दुग्धशर्करा व क्षारांसमवेत सामावलेली असतात. त्यांचे वेगळे मोल होत नाही.

प्रथिने मोजण्याची प्रमाणभूत पद्धत जेल्डाल यांची, १८८३ सालची. तीत वस्तुतः नायट्रोजन मोजून त्यास ६.३८ ने गुणले जाते. हा फरक किरकोळ नाही. चीनमध्ये २००८ साली उघडकीस आलेली मेलामाइनची भेसळ याच उणिवेचा फायदा घेऊन झाली. मेलामाइनच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग नायट्रोजन असतो. त्यात सहा अर्भके दगावली आणि सुमारे तीन लाख बालके आजारी पडली.

प्रकाशीय पद्धतीचा रोख अमिनो आम्लांना जोडणाऱ्या पेप्टाइड बंधावर असतो. हा बंध सुमारे ६.५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश शोषतो. शोषण जितके अधिक, तितकी प्रथिने अधिक. अडचण पाण्याची. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते व तेही अवरक्त प्रकाश भरपूर शोषते. म्हणून दोन पारदर्शक खिडक्यांमधील अवघ्या ४०-५० मायक्रोमीटर रुंदीच्या फटीतून दूध वाहते ठेवावे लागते. स्निग्ध गोलिका प्रकाश विखुरतात, यास्तव दूध आधी सुमारे ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून उच्च दाबाने एकजीव केले जाते.

या फटीची रुंदी हाच मापनाचा कणा होय. खिडक्या झिजून ती पाच टक्क्यांनी वाढली, तर शोषणही जवळपास तेवढेच वाढते आणि ३.२ टक्के प्रथिने ३.३६ भासतात. ज्ञात नमुन्यांशी वारंवार पडताळणी करावी लागते ती यासाठी. युरियाही जवळपासच्या तरंगलांबींवर प्रकाश शोषत असल्याने एकाच तरंगलांबीवर विसंबणे धोक्याचे. संपूर्ण वर्णपट नोंदविणारी यंत्रे दोहोंत भेद करू शकतात. अर्थात अशी यंत्रे महाग असल्याने ती मोठ्या प्रक्रिया केंद्रांतच आढळतात. गावपातळीवरील अनेक छोटी यंत्रे ध्वनिलहरींवर चालतात. त्यांच्या पावतीवर प्रथिनांचा आकडा छापला गेला, तरी तो दुधातील ध्वनीच्या वेगावरून बांधलेला अंदाज असतो. पेप्टाइड बंधाशी त्याचा थेट संबंध नसतो.